सिद्दींचे घर

आफ्रिकन जीवनातील धर्म, स्त्री, भाषा आणि कुटुंब यांचा विचार करावयास समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. निजामशाही सावरणारा मलिक अंबर मुळचा इथिओपियाचा, नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. १६२६ साली वारला तेव्हा दख्खनचा मातब्बर कारभारी होता. त्याच्या लढाया आम्ही वाचतो. पण ज्या हबशांना तख्त लाभले नाही, त्यांच्या घरांचे काय झाले?

उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळकडे सिद्दी राहतात. त्यांतील अनेकांचे पूर्वज गोव्यातील पोर्तुगीजांच्या गुलामीतून पळालेले. मूळ बोली गेली. घरात कोकणी आली. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत. पण पूर्वजांना मान देताना, त्यांच्या शब्दांत ‘हिरियारूं’ना, ही कुंपणे आड येत नाहीत.

गुजरातेत रतनपूरला बावा गोर या सिद्दी पिराचा दर्गा आहे. तेथील राक्षसीला त्याची बहीण माई मिसरा हिने हटविले, अशी कथा सांगतात. मूल व्हावे म्हणून बायका माईला नवस बोलतात. तेथील नाच म्हणजे गोमा; स्वाहिलीत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल.

ज्याने माणसाला केवळ मजूर म्हणून विकत घेतले, त्याने त्याची आई, बहीण हिशेबात धरली नाही. सिद्दींनी ती धरली. कर्नाटकातील सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळाले. आता दरबारी कागदांच्या जोडीला त्यांच्या बायांची गाणीही इतिहासकारांनी टिपून घ्यावीत, एवढीच आमची मागणी आहे.