मोटार अपघात दावा : गंभीर दुखापत

मोटार वाहनाच्या अपघातात गंभीर जखमी झालेल्या व्यक्तीने वाहनाचा मालक, चालक आणि विमा कंपनी यांच्याकडून भरपाई मिळावी म्हणून केलेला अर्ज. भारतात तो नेहमीच्या दिवाणी न्यायालयात न चालता मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली झालेल्या दुरुस्तीने या न्यायाधिकरणांची सोय झाली. सध्या १९८८ चा कायदा लागू आहे. तृतीय पक्ष विमा प्रत्येक वाहनाला सक्तीचा असल्याने रक्कम बहुधा विमा कंपनीच भरते, आणि खरी लढतही तिच्याशीच होते.

दाव्याच्या दोन वाटा आहेत. कलम १६४ खाली चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख रुपये ठरलेले आहेत. कलम १६६ खाली निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पण रकमेला वरची मर्यादा नाही. विमा कंपनीशी तडजोडीने कलम १६४ ची रक्कम एकदा स्वीकारली की १६६ खालचा दावा संपतो. कंबरेखाली लुळ्या झालेल्या माणसाला अडीच लाख कुठवर पुरणार? तरीही रुग्णालयाचे बिल समोर असताना घरचे लोक हाती येईल त्यावर सही करतात. पळून गेलेले वाहन सापडलेच नाही, तर गंभीर जखमीला ५० हजार रुपये देणारी योजना वेगळी आहे. २०१९ च्या दुरुस्तीतील या तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून अमलात आल्या. त्याच दिवसापासून अर्जाला अपघातानंतर सहा महिन्यांची मुदत पुन्हा लागू झाली. १९९४ मध्ये ती काढून टाकली होती. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे.

अर्ज अपघाताच्या ठिकाणी, अर्जदार राहतो वा व्यवसाय करतो तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे करता येतो. साताऱ्याच्या माणसाला नाशिकजवळ अपघात झाला, तरी त्याने नाशिकच्या खेपा घालण्याची गरज नाही. पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि तपशीलवार अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. पुराव्याचे मोजमाप फौजदारी खटल्याइतके कडक नाही. संभाव्यता कोणत्या बाजूला झुकते एवढेच पाहिले जाते, म्हणून चालक फौजदारीत सुटला तरी दावा टिकू शकतो. अर्जदाराचाही दोष दिसला, तर त्या प्रमाणात रक्कम कापली जाते.

भरपाई कशाकशाची मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या एका निकालाने नीट मांडले आहे. उपचार, औषधे, प्रवास व सकस आहार यांचा खर्च, उपचारकाळात बुडालेली कमाई, पुढील उपचार आणि कायमच्या अपंगत्वामुळे घटणारी मिळकत या आर्थिक बाबी. वेदना, जगण्यातील सुखांना मुकणे आणि आयुर्मान घटणे या बिगर-आर्थिक. इथे सर्वांत जास्त वाद होतो तो अपंगत्वाच्या टक्क्यांवर. शल्यचिकित्सकाच्या दाखल्यावरील आकडा बहुधा एका अवयवाचा असतो, संपूर्ण शरीराचा नव्हे. आणि शरीराचा टक्का म्हणजे कमाईचा टक्का नव्हे. डावा हात तुटला तर दाखल्यावर ६० टक्के लिहिलेले असू शकते. पण तो हात सुताराचा किंवा ड्रायव्हरचा असेल, तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण गेली. सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते.

पुढचा हिशेब गुणकाने होतो. दिल्लीच्या परिवहन महामंडळाविरुद्धच्या २००९ च्या निकालातील तक्त्यानुसार २५ वर्षांपर्यंत गुणक १८ असतो. ३१ ते ३५ या वयाला तो १६, तर पासष्टीनंतर ५. समजा, ३२ वर्षांचा स्वतंत्र व्यवसाय करणारा सुतार महिना १५ हजार कमावत होता. २०१७ च्या घटनापीठाने चाळिशीच्या आतील अशा व्यक्तीच्या कमाईत भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवायला सांगितले आहे आणि २०२० च्या निकालाने हे दुखापतीच्या दाव्यांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे मासिक आकडा २१ हजार होतो आणि वर्षाचा २ लाख ५२ हजार. त्याला १६ ने गुणले की ४० लाख ३२ हजार येतात. दाखल्यावरील ६० टक्केच धरले, तर हाच आकडा २४ लाख १९ हजार २०० वर उतरतो. मृत्यूच्या दाव्यात मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी होणारी वजावट इथे होत नाही, कारण जखमी माणूस जिवंत आहे आणि त्याचा खर्च चालूच आहे.

कायम अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या परिचारकाचा खर्चही २०२० पासून गुणकाने मोजावा असे न्यायालयाने ठरवले. बारा वर्षांच्या एका मुलीच्या त्या प्रकरणात दोन परिचारकांचे दरमहा पाच-पाच हजार धरून १८ च्या गुणकाने २१ लाख ६० हजार रुपये केवळ देखभालीसाठी मंजूर झाले. खालच्या पातळीवर हा खर्च आजही कधीकधी ठोक रकमेत उरकला जातो. ते चुकीचे आहे.

म्हणूनच कागद जपावे लागतात. डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले, औषधांच्या पावत्या, घटनास्थळाचा पंचनामा, पगाराची किंवा व्यवसायाची कागदपत्रे हे सारे लागते. अपंगत्वाचा दाखला देणाऱ्या डॉक्टरची साक्ष शक्यतो हवी. उलटतपासणीत न टिकलेला दाखला फारसा कामाचा नसतो. चालकाकडे वैध परवाना नसेल, तर न्यायाधिकरण अनेकदा विमा कंपनीला आधी रक्कम भरून मग ती मालकाकडून वसूल करायला सांगते. लोकअदालतीत तडजोड झाली की प्रकरण लवकर मिटते, आणि त्या निवाड्यावर अपील होत नाही.

न्यायाधिकरणाच्या निवाड्याविरुद्ध ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते, मात्र वादातील रक्कम एक लाखापेक्षा कमी असेल तर नाही. भरपाई देणाऱ्याला अपिलासाठी २५ हजार रुपये किंवा निवाड्याच्या निम्मी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती आधी जमा करावी लागते. निवाड्याची रक्कम कोणी भरलीच नाही, तर न्यायाधिकरणाच्या दाखल्यावरून जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतात.