फांद्या, खरकटं आणि इंदूरचा खड्डा

आजचा भाग कचऱ्यावर आहे. हेडफोन काढू नका, गोष्ट भारी आहे.

पावसाळ्याआधी आमच्या सोसायटीत झाडांची छाटणी झाली. फांद्यांचा ढीग गेटजवळ दोन आठवडे पडून होता. घंटागाडीवाले म्हणाले, "दादा, हे आमच्यात येत नाही." शेवटी एका रात्री कुणीतरी तो पेटवून दिला. सकाळी सगळ्यांच्या बाल्कनीत राख! मनात आलं, फांद्या आणि घरातला कचरा यांचा एकत्र विचार कुणी कधी केलाच नाही का?

केला होता. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी, होळकरांच्या इंदूरमध्ये.

1924 साली तिथे शेतीसंशोधनाची एक संस्था उभी राहिली. जागा होळकर संस्थानाने दिली. संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड, आणि रसायनशास्त्राचं काम बघायचे यशवंत वाड. माळवा म्हणजे कापसाचा मुलूख. शेण गोवऱ्यांत जळून जायचं, त्यामुळे शेताला खत कमी पडायचं. शेतात उरायच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या. या काड्या इतक्या कडक, की लवकर कुजतच नाहीत.

त्यावरचा उपाय ऐका. या काड्या त्यांनी चक्क शेतातल्या रस्त्यांवर पसरल्या. बैलगाड्यांची चाकं आणि गुरांचे खूर त्यांच्यावरून जाऊन जाऊन त्यांचा चुरा व्हायचा. म्हणजे विजेशिवाय चालणारा श्रेडर! मग तो चुरा गोठ्यात गुरांच्या खाली अंथरायचा, आणि नंतर शेण, राख, गोमूत्र मुरलेली माती यांच्यासोबत उथळ खड्ड्यात थर लावून भरायचा. पाणी द्यायचं, तीन वेळा चाळवायचं. तीन महिन्यांत खत तयार.

हे चालतं का? कुजवणाऱ्या जिवाणूंना कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही लागतात, साधारण तीसास एक या प्रमाणात. वाळक्या फांद्यांत कार्बन भरपूर, शेणात आणि खरकट्यात नायट्रोजन जास्त. नुसत्या फांद्या वर्षानुवर्षं पडून राहतात. नुसतं खरकटं चिकट होतं, आत हवा जात नाही आणि वास मारतो. दोघांना एकमेकांची गरज आहे. 1931 साली हॉवर्ड आणि वाड यांनी यावर पुस्तक लिहिलं आणि 'इंदूर पद्धत' जगभर गेली. नाव मात्र हॉवर्डचं झालं. वाडांचं नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलं होतं? मीही नव्हतं ऐकलं.

पुढची पायरी शहराची. 1934 मध्ये जॅक्सन आणि वाड यांनी हीच पद्धत वस्तीच्या कचऱ्याला लावली. शहराचा केरकचरा आणि मैला यांचे थर देऊन सोनखत. कागदावर सुंदर डिझाइन. पण तो मैला उचलायचा कुणी? त्या काळी शहरांत हे काम जातीने ज्यांच्या माथी मारलं होतं, त्यांनीच. प्लॅनमध्ये 'मजूर' असा एक शब्द असतो, आणि त्यामागे अख्खं आयुष्य असतं. हाताने मैला उचलण्याविरुद्ध कायदा यायला 1993 उजाडलं, आणि तो अपुरा ठरला म्हणून 2013 मध्ये दुसरा करावा लागला.

1939 च्या सुमारास बंगळूरला सी. एन. आचार्य यांनी वेगळा मार्ग काढला. खड्डा भरून वरून चिखलाने लिंपून टाकायचा, चाळवायचंच नाही. श्रम कमी, पण तीनऐवजी सहा-आठ महिने लागणार, म्हणजे खड्डेही जास्त आणि जागाही जास्त. नियोजन म्हणजे हेच: वेळ, जागा आणि माणसाचे कष्ट यांतलं काय वाचवायचं, ते ठरवणं.

मग प्लास्टिक आलं. काच, बॅटऱ्या, डायपर सगळं एकाच डब्यात जाऊ लागलं. अशा कचऱ्याचं चांगलं खत होत नाही. आम्ही कोडवाले म्हणतो तसं, इनपुटच घाण असेल तर आउटपुट काय वेगळं येणार? खुद्द इंदूरच्या देवगुराडियातही कचऱ्याचा डोंगर साचला.

2016 पासून त्या शहराने सुरुवात दारापासून केली. घरोघरी गाडी आणि ओला-सुका वेगळा. 2017 ते 2023 सलग सात वेळा इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं, शेवटच्या वेळी सुरतबरोबर. 2022 मध्ये तिथे रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी आणि खत बनवणारा प्रकल्प सुरू झाला. तो चालतो, कारण त्याच्यापर्यंत ओला कचरा ओलाच पोचतो.

म्हणजे आधी दारात वेगळं करा, मग खड्ड्यात विचारपूर्वक एकत्र आणा. आमच्या गेटवर जळालेला ढीग कचरा नव्हताच मुळी. आमच्या खरकट्याला हवा असलेला कार्बन होता तो, आणि आम्ही त्याचा धूर केला.

पुढच्या मीटिंगमध्ये मी फांद्यांचा चुरा करणाऱ्या मशीनचा विषय काढणार आहे. पार्किंगच्या भांडणातून वेळ उरला तर! तुमच्याकडे छाटलेल्या फांद्या कुठे जातात, एकदा खाली जाऊन विचारा.

भेटू पुढच्या भागात.