तोंडाकडे फिरवलेली पाठ

आजींचं डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी असायचं, म्हणून मी त्यांना मंगळवारी बोलवायची. मशीनवर रक्त गोठू नये यासाठी हेपॅरिन देतात. त्याच दिवशी हिरडीला हत्यार लावलं तर रक्त लवकर थांबत नाही. पहिल्या मंगळवारी आ करायला लावलं, तर खालच्या पुढच्या दातांमागे कीटणाची सलग भिंत, आणि हिरडीला नुसता स्पर्श झाला तरी रक्त. डायलिसिसच्या रुग्णाच्या लाळेत युरिया जास्त असतो, त्याने कीटण लवकर धरतं. पाणी मोजून प्यायचं, म्हणून तोंड कोरडं. त्यात आजींची चाळीस वर्षांची मिश्री.

“ब्रश करता का, आजी?”

“रगत याया लागलं, म्हनून सोडला बघा.”

“मशीनवर घेताना तोंड बघितलं का कुणी?”

“न्हाई बाई. वजन बघत्यात, बीपी बघत्यात, हात बघत्यात.”

हात म्हणजे फिस्टुला, मशीनला रक्त नेण्यासाठी हातात केलेला रक्तवाहिन्यांचा जोड. हिरड्यांवर काम करण्यात माझी तीस वर्षं गेली. हे उत्तर इतक्या वेळा ऐकलं, की तोंड नेमकं कधी वगळलं गेलं याचा मी माग काढू लागले. गोष्ट उलटीच निघाली. एके काळी डॉक्टरांनी सगळा दोष तोंडाच्याच माथी मारला होता.

लंडनचे डॉ. विल्यम हंटर यांनी १९०० साली लिहिलं, की तोंडातला पू शरीरभर आजार पेरतो. १९१० मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात त्यांनी दातांवरच्या सोन्याच्या टोप्यांवर कोरडे ओढले: वर सोनं, खाली पू. निरीक्षण खरं होतं. पण त्यातून जे उगवलं ते भयंकर होतं. सांधे दुखतात? काढा दात. तापाचं कारण सापडत नाही? काढा दात. न्यू जर्सीत ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात डॉ. हेन्री कॉटन यांनी वेड घालवण्यासाठी रुग्णांचे दात उपटले, पुढे टॉन्सिल काढले, आतडी कापली. माणसं दगावली. १९३८ मध्ये डॉ. रसेल सेसिल आणि त्यांच्या सहकाऱ्याने संधिवाताच्या २०० रुग्णांचा अभ्यास मांडला आणि दात-टॉन्सिल काढून हा आजार हटत नसल्याचं दाखवलं. सेसिल स्वतः आधी त्याच मताचे होते. मला वाटतं, या सगळ्याची जी शरम वाटली, तिच्यापोटीच वैद्यकाने तोंडाकडे पाठ फिरवली.

डायलिसिस जन्मलं ते याच काळात. १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, कांपेन गावी विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या सेलोफेन वेष्टनातून रक्त फिरवणारं यंत्र उभं केलं. पण दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, आणि वाहिन्या लवकरच संपत. १९६० मध्ये सीॲटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम राहणारी टेफ्लॉनची नळी बसवली. त्यांचे पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स हे यंत्रकारागीर त्यानंतर दहा वर्षांहून जास्त जगले. तेव्हा मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसासाठी ही कल्पनेपलीकडची गोष्ट होती. मात्र १९७४ मध्ये सीॲटलच्याच डॉक्टरांना लिहावं लागलं, की वर्षानुवर्षं मशीनवर असलेल्यांच्या धमन्या अकाली कठीण होताहेत.

त्या आधी, १९६५ मध्ये, डेन्मार्कच्या ऑर्हूसमध्ये हाराल्ड लोए यांनी १२ निरोगी माणसांना दात घासणं थांबवायला लावलं होतं. तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू झाल्यावर आठवडाभरात निवळल्या. मूत्रपिंडाच्या दवाखान्यात हे कुणी वाचलं नसावं.

कठीण होणाऱ्या धमन्या आणि सुजलेल्या हिरड्या, या दोन्हींना जोडणारा दुवा रक्तात होता. शरीरात कुठंही दाह पेटला की यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन सोडतं. ते १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडलेलं. १९९९ मध्ये जर्मन डॉक्टरांनी डायलिसिसच्या २८० रुग्णांचं पाहिलं: हे प्रोटीन ज्यांचं वाढलेलं, त्यांच्यात मृत्यू जास्त, विशेषतः हृदयाने. मग ही धग येते कुठून, याचा शोध सुरू झाला. कॅथेटर, मशीनमधलं पाणी, फिल्टरचा पडदा, आणि शेवटी हिरडी. दातांभोवतीच्या खोल कप्प्यांतली ती जखम हातावर असती, तर सिस्टरनी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना हाक मारली असती.

हिरड्या साफ केल्या तर काय होतं हे पाहायला २००७ मध्ये लंडनला १२० जणांवर प्रयोग झाला. त्यांना मूत्रपिंडाचा विकार नव्हता, हिरड्यांचा होता. खोल सफाईनंतर पहिल्या दिवशी दाह उलट वाढला, पण सहा महिन्यांनी रक्तवाहिन्या अधिक चांगल्या फुलू लागल्या. डायलिसिसच्या रुग्णांवरचे प्रयोग छोटे आहेत. काहींत प्रोटीन उतरलं, काहींत नाही. हिरड्या साफ केल्याने आयुष्य वाढतं असं अजून सिद्ध झालेलं नाही, आणि दात उपटण्याचा तो इतिहास माहीत असताना मी कुणाला तसं सांगणार नाही.

आजींचं कीटण मी चार मंगळवारांत काढलं. मऊ ब्रश दिला, रक्त आलं तरी थांबायचं नाही हे पुन्हा पुन्हा सांगितलं. मिश्री तीन वेळांवरून एका वेळेवर आली, पूर्ण सुटली नाही. प्रोटीनची तपासणी पैशाअभावी राहिली, त्यामुळे त्यांच्या रक्तात काय फरक पडला ते मला सांगता येणार नाही. तीन महिन्यांनी आल्या तेव्हा फक्त मागच्या दोन दाढांपाशी रक्त आलं. भाकरी पाण्यात न भिजवता खाते, म्हणाल्या.