लंडन पुलाची खुर्ची

जुन्या लंडन पुलाच्या अवशिष्ट बांधकामसामग्रीपासून १८३२ मध्ये बनविलेले आसन. थेम्स नदीवरील या दगडी पुलाचे काम पीटर ऑफ कोलचर्च या धर्मगुरूने ११७६ मध्ये सुरू केले. ते त्याच्या मृत्यूनंतर १२०९ मध्ये पूर्ण झाले. स्तंभांभोवतीच्या रुंद बांधणीमुळे प्रवाह अडून कमानींखालील नौकानयन धोक्याचे होई. १८३१ मध्ये नवा पूल खुला झाल्यावर जुना पाडण्यात आला. त्याच्या पायातील लाकडी खुंटांपासून खुर्चीचा सांगाडा व पायाच्या दगडापासून बैठक घडविण्यात आली. पाठीवर पुलांच्या आकृती कोरल्या आहेत. लंडनच्या फिशमाँगर्स हॉलमध्ये ती जतन केलेली आहे. पाण्याखाली हवेच्या अभावी शतकानुशतके न कुजता टिकलेले हे लाकूड नामशेष झालेल्या पुलाच्या पायाचा प्रत्यक्ष पुरावा ठरते.