चिरणं, वाटणं आणि मधल्या जागेत आलेला चॉपर

या भागाचा विषय तुमच्या मेसेजमधूनच आलाय. दोन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पहिला: ‘नवीन फ्लॅटमध्ये आलोय, मिक्सर आहे, मग तो छोटा इलेक्ट्रिक चॉपर वेगळा घ्यायची गरज काय?’ आणि दुसरा: ‘आईचं मनगट दुखतं, तिच्यासाठी घ्यायचाय, कोणता घेऊ?’ दोन्ही प्रश्नांची उत्तरं द्यायची तर मला जरा मागे जावं लागेल. हे यंत्र कुठल्या कामासाठी जन्माला आलं ते कळलं की अर्धी खरेदी झालीच म्हणा.

आधी आपल्या भाषेकडे बघा. मराठी स्वयंपाकघरात किती क्रियापदं आहेत! चिरणं, किसणं, खवणं, ठेचणं, चेचणं, कुटणं, वाटणं, दळणं. इंग्रजी शिकलेला माणूस यातल्या अर्ध्यांना ‘कटिंग’ आणि उरलेल्यांना ‘ग्राइंडिंग’ म्हणून मोकळा होतो. पण घरात प्रत्येक क्रियापदाला वेगळं हत्यार होतं. चिरायला विळी. खवायला त्याच विळीच्या टोकाची खवणी. कुटायला खलबत्ता, वाटायला पाटा-वरवंटा, दळायला जातं. कोशिंबिरीचा कांदा कुणी पाट्यावर नेत नव्हतं आणि वाटणाचं खोबरं विळीवर संपत नव्हतं. चिरताना धार पेशींच्या मधून जाते, पदार्थाचा रस बराचसा आतच राहतो. वाटताना पेशी चिरडतात, रस आणि तेल बाहेर येतं. चव बदलते ती इथे.

विळीबद्दल एक गोष्ट मला फार रोचक वाटते. सुरीत पातं हलतं आणि भाजी स्थिर असते. विळीत उलटं. पातं पायाखाली दाबून स्थिर, भाजी दोन्ही हातांनी त्याच्यावर ढकलायची. दोन्ही हात मोकळे, म्हणून भोपळा असो की सुरमई, पकड पक्की. पण त्यासाठी जमिनीवर बसावं लागतं. गॅस आला, उभा ओटा आला, तशी विळी हळूहळू कोपऱ्यात गेली आणि सुरी ओट्यावर आली. पाट्याचंही तेच. त्याचा खडबडीतपणा गेला की टाकी लावून घ्यावी लागे, आणि शहरात टाकी लावणारे दारावर यायचे बंद झाले. म्हणजे यंत्र यायच्या आधीच जुनी हत्यारं त्यांच्या जागेवरून उठली होती.

आता जरा अमेरिकेत जाऊ, कारण बारीक चिरायच्या यंत्राची एक जुनी, आणि मला आवडणारी, गोष्ट तिथली आहे. १८६५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या लॅरॉय स्टॅरेट नावाच्या माणसाने मांस बारीक करायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. एक गोल डबा, बाजूला हँडल. हँडल फिरवलं की डबा गोल फिरायचा आणि वरून पातं खालीवर आपटायचं. म्हणजे आपण फळीवर सुरीने जे खटाखट करतो तेच, फक्त दांड्याने. हे यंत्र बनवायला अॅथॉल नावाच्या गावात १८६८ साली कंपनी उभी राहिली. पुढे हाच माणूस मोजमापाची अचूक हत्यारं बनवायला लागला आणि त्याचं नाव त्यासाठीच जगभर झालं. ऐकणाऱ्यांत कुणी मशीन शॉपमध्ये काम करत असेल तर ‘स्टॅरेट’ हे नाव मायक्रोमीटरवर वाचलं असेल. त्या मायक्रोमीटरच्या मागे एक खिमा यंत्र आहे, हे आज सांगा लंच टाइमला.

विजेचं पातं मात्र वेगळ्याच वाटेने आलं, आणि आपला गोंधळ तिथूनच सुरू होतो. विस्कॉन्सिन राज्यात रसीन नावाचं शहर आहे. तिथे हॉर्लिक्सचा कारखाना होता आणि सोडा फाउंटनवर माल्टेड मिल्क विकलं जायचं. त्याच शहरातल्या स्टीफन पोप्लॉव्स्कीने १९२२ साली एका यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला, ज्यात फिरणारं पातं भांड्याच्या तळाशी होतं. हेतू? पेय घुसळणं. बस. पुढे १९३७ मध्ये फ्रेड वॉरिंग या बँडवाल्याच्या नावाने ब्लेंडर बाजारात गाजला. तोही पेयांसाठीच.

हे इतकं सांगतोय कारण आपल्या मिक्सरच्या जारचा आकार याच घराण्यातला आहे. अरुंद, खोल, तळाशी छोटं पातं आणि प्रचंड वेग, मिनिटाला १८ ते २० हजार फेऱ्यांच्या घरात. द्रव असेल तर भोवरा तयार होतो आणि वरचा माल आपोआप खाली पात्याकडे ओढला जातो. त्यात नुसत्या कांद्याच्या फोडी टाका. भोवरा होतच नाही. खालच्या फोडींचा चिखल, वरच्या फोडी जशाच्या तशा. यात तुमच्या मिक्सरचा काही दोष नाही. त्याला द्रव हवा असतो, आणि तुम्ही त्याला चिरायला सांगताय.

मग भारतात मिक्सरने पाट्याची जागा कशी घेतली? तर ती एका जळलेल्या मोटरची गोष्ट आहे. मुंबईतल्या माधुरी माथुर यांच्या घरचा जर्मन बनावटीचा मिक्सर जळाला. पाश्चात्त्य मिक्सर क्रीम, केकचं मिश्रण, सूप यांच्या हिशोबाने केलेले, आणि आपण त्यात हळकुंड, सुकं खोबरं, भिजवलेली डाळ टाकणार. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. त्यांनी भारतीय वाटणाला पुरेल अशी दणकट मोटर बनवायचं मनावर घेतलं आणि १९६३ साली ‘सुमीत’चा प्रवास सुरू झाला. सुमीत म्हणजे चांगला मित्र. माझ्या मते भारतीय स्वयंपाकघरातला हा गेल्या शतकातला सगळ्यात मोठा बदल, प्रेशर कुकर सोडला तर. (कुकरवाले चिडू नका, तुमचा नंबर येणार आहे.)

पण सुमीतने आणि त्याच्यामागून आलेल्या सगळ्यांनी सोडवलं ते ‘वाटणं’ आणि ‘कुटणं’. ‘चिरणं’ तसंच राहिलं, बाईच्या हातात, सुरीवर. आपल्या यंत्रांच्या इतिहासातली ही रिकामी जागा फार वर्षं कुणी भरली नाही.

ती भरायची कल्पना फ्रान्समधून आली. पिएर व्हेर्दाँ हा हॉटेलांना आणि कँटीनना माल पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस. त्याने पाहिलं की हॉटेलच्या स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त वेळ चिरण्यात जातो. त्यातून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘रोबो-कूप’ हे यंत्र आलं आणि १९७१ च्या सुमारास त्याचा घरगुती भाऊ ‘मॅजिमिक्स’. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात कार्ल सॉन्टहायमर या अमेरिकन इंजिनिअरने हे यंत्र पाहिलं, त्यात आपले बदल केले आणि १९७३ साली शिकागोत ‘क्विझिनार्ट’ नावाने ते मांडलं. फूड प्रोसेसर तो हा.

यात नवीन काय होतं? भांड्याचा आकार! रुंद, सपाट तळाचं भांडं. मधल्या दांड्यावर इंग्रजी एससारखं दोन हातांचं पातं, तळाला जवळजवळ घासत आणि भिंतीपर्यंत पोचणारं. वेग ब्लेंडरपेक्षा खूप कमी. इथे भोवऱ्याची गरज नाही. पातंच फोडींपर्यंत जातं, त्यांना छाटतं आणि उडवतं, त्या पुन्हा खाली पडतात, पुन्हा छाटल्या जातात. तुमचा छोटा चॉपर म्हणजे याच यंत्राची लहान आवृत्ती. दिसायला मिक्सरच्या चटणी जारसारखा, पण घराणं वेगळं.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर: रोज हिरवी चटणी, वाटण, डोशाचं पीठ करत असाल तर मिक्सर पुरे आहे, चॉपर तिथे टिकणार नाही. रोज कांदा-टोमॅटो-कोथिंबीर चिरण्यात जीव जात असेल तर चॉपर घ्या. चॉपरला आपल्या यादीतलं एकच क्रियापद नीट येतं, बारीक चिरणं. ठेचा त्यात ओबडधोबड होतो, पण खलबत्त्यातल्यासारखा चेचला जात नाही, आणि खाणाऱ्याला फरक कळतो.

आता दुकानात किंवा ऑनलाइन तीन प्रकार दिसतील. दोरी ओढायचा, चार्जिंगचा आणि वायरचा. दोरीवाला स्वस्त, आत स्प्रिंग असते, ओढलं की पातं फिरतं, सोडलं की दोरी परत आत. पण ज्या आईचं मनगट दुखतंय तिला हा अजिबात देऊ नका. एका हाताने दाबून धरायचं आणि दुसऱ्याने झटका द्यायचा, म्हणजे दुखणं तेच राहिलं.

चार्जिंगवाल्याची परीक्षा गणिताने करा. खोक्यावर समजा १२०० एमएएच बॅटरी लिहिली आहे. लिथियम बॅटरीचा व्होल्टेज साधारण ३.७. गुणाकार केला की साडेचार वॅट-तासांच्याही आत. मोटर ३० वॅटची असेल तर पूर्ण चार्जवर नऊ-एक मिनिटं चालणार, तेही कागदावर. लसूण, आलं, मिरची, एकट्यादुकट्याचा कांदा, यासाठी ठीक. चार माणसांच्या घरात सुकं खोबरं किंवा गाजर टाकलं की तो अडकून बसतो. घरासाठी वायरवाला, २५० ते ३०० वॅटच्या आसपासचा, भांडं अर्धा लिटरच्या वर, हा माझा कौल. वायर थोडी लांब बघा, म्हणजे प्लगजवळ अडकून पडणार नाही.

आईसाठी घेताना आणखी तीन गोष्टी. झाकण पीळ देऊन उघडायचं आहे की नुसतं उचलायचं? वरून तळहाताने दाबून चालतो की बोटाने छोटं बटण दाबत राहायचं? काचेचं भांडं हळदीचे डाग धरत नाही हे खरं, पण भरलं की जड होतं. शक्य असेल तर दुकानात तिला बरोबर न्या आणि तिलाच उघडून बघू द्या. रिव्ह्यूमध्ये कुणाच्या मनगटाचा हिशोब नसतो.

वापरताना कांदा चार किंवा सहा फोडींत करून टाका. अख्खा टाकला की पातं अडखळतं. भांडं अर्ध्यापेक्षा थोडं वर, बस. कोथिंबीर धुतल्यावर कापडावर पूर्ण कोरडी करा, ओली टाकली तर काळपट लगदा होतो. आल्याचे आधी आडवे काप करा, नाहीतर त्याचे धागे पात्याला गुंडाळतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सलग चालवू नका. एक सेकंद चालू, थांबा, फोडी खाली बसू द्या, पुन्हा. असे चार-पाच झटके भजीच्या कांद्याला, सात-आठ ग्रेव्हीच्या. सलग चालवलं की चिरणं संपतं आणि वाटणं सुरू होतं, पाणी सुटतं, मग तो कांदा परततच नाही, शिजत बसतो. मोटरही तापते.

डोळ्यांचं पाणी थांबतं का? झाकण बंद असेपर्यंत, हो. पेशी फुटल्या की एन्झाइममुळे झोंबणारा वायू तयार होतो. यामागचं एक वेगळं एन्झाइम जपानी संशोधकांनी २००२ मध्ये ओळखलं, आणि २०१३ मध्ये त्याबद्दल त्यांना चक्क इग नोबेल मिळालं. झाकण उघडताना तोंड जरा बाजूला ठेवा. पातं बोथट झालं तर जास्त पेशी चिरडतात, जास्त झोंबतं, म्हणून सुटं पातं मिळतं का ते घेतानाच विचारा. धुताना पातं सिंकमधल्या साबणाच्या पाण्यात सोडू नका. दिसत नाही आणि बोट कापतं. प्लग काढायचा, पातं आधी उचलायचं, मग माल काढायचा.

आता ‘यामुळे आईचं काम कमी होईल ना?’ या भागाकडे येतो. रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये ‘मोअर वर्क फॉर मदर’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की अमेरिकेत नवी यंत्रं आली तेव्हा घरातल्या पुरुषांची आणि मुलांची कामं गेली, उदाहरणार्थ चुलीसाठी लाकूड फोडणं, आणि बाईची तशीच राहिली, वर अपेक्षा वाढल्या. आपल्याकडे मिक्सर आल्यावर काय झालं? पाट्यावर होत असताना जे वाटण सणावाराला व्हायचं ते रोजचं झालं. आपल्या देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी वेळ २९९ मिनिटं होता, पुरुषांचा ९७. आणि मुळात असं काम करणारे पुरुषच २६ टक्के, बायका ८१ टक्के. मिक्सर येऊन तेव्हा छप्पन्न वर्षं झाली होती.

म्हणून मी मेसेज करणाऱ्या मुलाला उलटा प्रश्न विचारला होता: चॉपर कोण चालवणार? कारण या यंत्रात एक गंमत आहे. विळीवर बसायला सराव लागतो, सुरीने कांदा झरझर चिरायला वर्षं जातात, आणि ‘मला येत नाही’ हे कारण त्यातूनच निघतं. चॉपरला शिकायला पाच मिनिटं लागतात. पाच-सहा झटके मोजता आले की झालं. त्याचं उत्तर आलं: ‘चिरतो मी. पण धुवायला आईच घेते, माझ्या हातून नीट निघत नाही म्हणते.’ त्याला पात्याच्या दांड्यात अडकलेली कोथिंबीर काढायला जुना टूथब्रश वापरायला सांगितलाय.

पुढच्या भागात प्रेशर कुकर. शिट्ट्या मोजण्याची पद्धत कुठून आली, त्याबद्दल तुमच्या घरच्या थिअरी पाठवा.