क्रमांक, कोन आणि पंख : नोंदीच्या छायाचित्रणाचा इतिहास

हौशी छायाचित्रणाच्या इतिहासात निसर्गदृश्ये, देवळे आणि घरगुती समारंभ यांना जेवढी जागा मिळाली, तेवढी आगगाडी, बस किंवा चतुर या विषयांना मिळालेली नाही; उलट त्यांच्यामागे लागणाऱ्या माणसांकडे समाजाने बहुधा विक्षिप्त म्हणूनच पाहिले. एकच माणूस कधी रुळांशेजारी, कधी एस.टी.च्या आगाराबाहेर आणि पावसाळा ओसरताना एखाद्या डबक्याच्या काठी कॅमेरा घेऊन ताटकळतो, ही वरवर पाहता विसंगत गोष्ट आहे. मात्र तिन्ही ठिकाणी त्याचा हेतू एकच असतो. समोरची वस्तू सुंदर दिसावी ही अपेक्षा दुय्यम असते आणि ती कोणत्या प्रकारातली नेमकी कोणती, हे चित्रावरून निःसंशय कळावे ही अपेक्षा मुख्य असते. इंजिनाचा वर्ग व क्रमांक, बसचा मार्ग व आगार, चतुराची जात व लिंग, आणि सोबत दिनांक व स्थळ, एवढे ज्यातून कळत नाही ते चित्र या वर्तुळात कितीही देखणे असले तरी अपुरे ठरते. या छंदाची चौकट, कोन आणि प्रकाश यांविषयीचे सगळे संकेत ओळख पटवण्याच्या या गरजेतून आणि त्या त्या काळातील कॅमेऱ्याच्या मर्यादेतून घडत गेले.

आगगाडी आणि छायाचित्रण यांचा उदय थोड्या वर्षांच्या अंतराने झाला. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे 1830 मध्ये सुरू झाली आणि दागेरची छायाचित्रणपद्धती 1839 मध्ये पॅरिसमध्ये जाहीर करण्यात आली. तरीही पुढची चार दशके धावती गाडी कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेरच राहिली. 1851 मध्ये आलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत कोलोडियन या चिकट द्रवाचा लेप दिलेली काच ओली असतानाच वापरावी लागे आणि तिच्यावर बहुधा काही सेकंद प्रकाश पडू द्यावा लागे, म्हणून त्या काळातील इंजिने उभी दिसतात आणि त्यांच्यासमोर कामगार व अधिकारी ताठ उभे असतात. शिवाय त्या काचेला निळा प्रकाश चटकन जाणवे व तांबडा जवळजवळ जाणवतच नसे, त्यामुळे लाल रंगाचे इंजिन चित्रात काळेठिक्कर उमटे. यावर उपाय म्हणून ब्रिटनमधील इंजिन-कारखाने नवे इंजिन अधिकृत छायाचित्रापुरते करड्या रंगाने रंगवीत, जेणेकरून त्याचा प्रत्येक खिळा व सांधा स्पष्ट दिसावा, आणि चित्र झाल्यावर त्यावर खरा रंग चढवीत. कॅमेऱ्याला दिसावे म्हणून वस्तूलाच रंगवून घेणारा हा व्यवहार नोंदीच्या छायाचित्रणाचा आरंभ मानण्यास हरकत नाही. मात्र तो हौसेचा नव्हता, कारखान्याच्या दप्तराचा होता.

मुंबईतही या दोन गोष्टी एकमेकींच्या पाठोपाठच आल्या. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली आणि 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, जिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे भारतीयही होते. रेल्वेच्या दृष्टीने या काळातील सर्वांत लक्षणीय चित्रे बोरघाटातील आहेत. घाटाच्या कामाचे कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये भारतात आल्यावर अल्पावधीतच मरण पावला, तेव्हा त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने ते कंत्राट पुढे चालवले. घाटातील पूल, बोगदे व भराव यांच्या छायाचित्रांचा एक संग्रहही तिच्या नावावर आहे. घाटमार्ग 21 एप्रिल 1863 रोजी खुला झाला. या चित्रांत गाडीपेक्षा कातळ आणि बांधकाम अधिक दिसते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण स्थिर राहणारी तेवढीच वस्तू तिथे होती.

छंद म्हणून रेल्वे-छायाचित्रण खऱ्या अर्थाने सुरू झाले ते कोरड्या काचेमुळे. 1871 मध्ये रिचर्ड मॅडॉक्स याने जिलेटिनच्या लेपाची कल्पना मांडली आणि 1880 च्या दशकात कारखान्यात तयार झालेल्या, खोक्यातून विकत आणता येणाऱ्या काचा सर्रास मिळू लागल्या. ताशी 96 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे 27 मीटर पुढे जाते, म्हणजे शटर एक शतांश सेकंद उघडे राहिले तरी तेवढ्यात ती 27 सेंटिमीटर सरकते आणि बाजूने घेतलेल्या चित्रात नुसता फराटा उमटतो. हीच गाडी कॅमेऱ्याकडे तिरकी येत असेल तर काचेवर तिची आडवी सरक पुष्कळ कमी होते. इंजिनाचा दर्शनी भाग व एक बाजू एकत्र दाखवणारा जो तीन-चतुर्थांश कोन पुढे या छंदाची ओळख बनला, त्याचे मूळ अशा प्रकारे आधी भूमितीत आहे आणि मग अभिरुचीत. त्याला नंतर आणखी दोन नियम येऊन चिकटले: ऊन छायाचित्रकाराच्या पाठीमागून यावे, आणि चाकांना जोडणारे दांडे खालच्या स्थितीत असावेत, म्हणजे चाकांची रचना झाकली जात नाही.

या पहिल्या पिढीतील ब्रिटिश धर्मोपदेशक ए. एच. मालन याचे उदाहरण उद्बोधक आहे. त्याने टिपलेल्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या गाड्या सुमारे 2.14 मीटर रुंदीच्या रुळांवर धावत असत, म्हणजे ते रूळ भारतातील ब्रॉडगेजपेक्षाही बरेच रुंद होते, आणि ही रुंदी मे 1892 मध्ये कायमची रद्द होणार हे ठरलेले होते. जे जाणार आहे ते आधी टिपून ठेवायचे, ही या छंदाची प्रेरणा इतक्या लवकर दिसते. पुढे 1897 मध्ये 'रेल्वे मॅगझिन' निघाले, 1922 मध्ये मॉरिस अर्ली याच्या पुढाकाराने रेल्वे फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली आणि चांगले चित्र कशाला म्हणावे याचे संकेत पक्के झाले. ते संकेत काहीसे जाचकही ठरले. त्या काळातील शेकडो चित्रे एका साच्यातून काढल्यासारखी आहेत; इंजिनाचा प्रत्येक झडप-दांडा त्यांत दिसतो, पण कोळसा टाकणारा माणूस, फलाटावरचा हमाल आणि रुळांलगतची वस्ती यांना चौकटीत थारा नाही.

1942 मध्ये सदर्न रेल्वेतील इयान ॲलन या तरुण कारकुनाने आपल्या कंपनीच्या इंजिनांच्या क्रमांकांची छोटी पुस्तिका काढली आणि क्रमांक टिपणाऱ्या शाळकरी मुलांची एक पिढीच तयार झाली. ज्यांना स्वस्त कॅमेरा परवडला ती त्यातूनच छायाचित्रणाकडे वळली. साच्याला छेद देणाऱ्यांत दोन नावे ठळक आहेत. लिव्हरपूलच्या एज हिल भागात धर्मोपदेशक म्हणून काम करताना एरिक ट्रेसी याची इंजिनचालकांशी दोस्ती झाली आणि चढावर धुराचे लोट सोडत येणारी गाडी आसपासच्या भूप्रदेशासह दाखवणे ही त्याची खासियत बनली. पुढे तो वेकफील्डचा बिशप झाला आणि 1978 मध्ये ॲपलबी स्थानकावरच त्याचे निधन झाले. अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक याने 1955 ते 1960 या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची वाफेची इंजिने रात्रीच्या अंधारात, एकाच क्षणी पेटणाऱ्या अनेक फ्लॅशदिव्यांच्या उजेडात टिपली, आणि त्या चित्रांत गाडीइतकेच महत्त्व रेल्वेलगतच्या घरांना, पोहणाऱ्या मुलांना आणि मोटारीत बसून सिनेमा पाहणाऱ्या जोडप्यांना दिले. नोंदीच्या शिस्तीने पाहिले तर लिंकची काही चित्रे सदोष ठरतील; इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र साच्यातल्या शंभर चित्रांपेक्षा त्यातले एक अधिक सांगून जाते.

ब्रिटिश रेल्वेने ऑगस्ट 1968 मध्ये वाफेच्या इंजिनांची नियमित सेवा संपवली, तेव्हा तिथल्या हौशी मंडळींच्या नजरा भारताकडे वळल्या, कारण येथे ब्रॉडगेजवर वाफेची इंजिने 1995 पर्यंत धावत होती. पुढे आलेल्या बंदुकीच्या गोळीसारख्या नाकावर तारा मिरवणारी, 1947 पासून आलेली 'डब्ल्यूपी' वर्गातील इंजिने परदेशी पुस्तकांतून दिसू लागली ती या काळात. भारतीय हौशी माणसाची वाट त्या मानाने बिकट होती. 1923 च्या शासकीय गुपिते कायद्यात सरकारला अधिसूचनेद्वारे रेल्वेमार्ग व त्याची बांधकामे निषिद्ध क्षेत्र ठरवता येतील अशी तरतूद होती, आणि फलाटावर कॅमेरा काढणाऱ्याकडे संशयाने पाहण्याची सवय कायद्याच्या शब्दांच्याही पुढे गेलेली होती. त्यात रोल व धुलाईचा खर्च. परिणामी एकेकाळी रोज डोळ्यांसमोरून जाणाऱ्या कित्येक गोष्टींची देशी छायाचित्रे तुरळक आहेत. 1920 च्या दशकाच्या अखेरीस बोरघाटासाठी आलेली, पुढेमागे लांब नाके असलेली आणि रेल्वे कर्मचाऱ्यांत 'खेकडा' म्हणून ओळखली जाणारी विजेची इंजिने हे त्याचे एक उदाहरण होय. डिजिटल कॅमेरा हाती आल्यावर चित्र बदलले. कर्जतला गाडीच्या मागे जोडली जाणारी आणि लोणावळ्यापर्यंत तिला रेटत नेणारी बँकर इंजिने, तसेच पळसदरी, ठाकूरवाडी आणि मंकी हिल ही ठिकाणे आता मराठी हौशी छायाचित्रकारांची जणू तीर्थक्षेत्रे झाली आहेत.

बसच्या छायाचित्रणाला गाडीइतकी प्रतिष्ठा कधीच लाभली नाही, कारण बस ही फारच नेहमीची वस्तू. मुंबईत बससेवा 15 जुलै 1926 रोजी आणि दुमजली बस 1937 मध्ये सुरू झाली, एस.टी.ची पहिली बस 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. बसच्या अभ्यासात एक बारकावा असतो: सांगाडा, म्हणजे चाके, इंजिन व चौकट यांचा भाग, एका कंपनीचा असतो आणि त्यावरची बांधणी दुसऱ्याची. एस.टी. स्वतःच्या बसची बांधणी प्रामुख्याने दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील कार्यशाळांत करत आली, आणि जाणकार माणूस एम.एच. 14, 20 किंवा 40 ही पासिंगची मालिका पाहून बस मुळात यांपैकी कोठली असावी हे सांगू शकतो. बसच्या समोरची मार्गपाटीही चित्रात वाचता येणे आवश्यक मानले जाते, आणि येथे एक नवीच अडचण उभी राहिली आहे. हाताने रंगवलेली पाटी कोणत्याही वेगाच्या शटरला दिसे. दिव्यांच्या ठिपक्यांची नवी पाटी मात्र ओळीओळीने लुकलुकत असते, ती डोळ्यांना अखंड दिसते पण वेगवान शटरने टिपली की तिची निम्मी अक्षरे गायब होतात. शटर मंद ठेवावे तर धावती बस पुसट होते. 15 सप्टेंबर 2023 रोजी मुंबईतील जुन्या डिझेल दुमजली बसची अखेरची फेरी अंधेरीतील आगरकर चौकातून सुटली, तेव्हा मात्र हारांनी सजवलेल्या त्या बसभोवती कॅमेऱ्यांची गर्दी झाली. रोजची वस्तू जाऊ लागली की तिला एकाएकी प्रेक्षक मिळतात हे मालनच्या काळापासून चालत आलेले आहे.

चतुर हा या मालिकेत परका वाटतो, पण अडचणी त्याच आहेत. चतुर आणि त्याची नाजूक भावंडे म्हणजे टाचण्या हे ओडोनाटा या गणातील कीटक. बसल्यावर चतुर पंख पसरून ठेवतो, तर बहुतेक टाचण्या ते पाठीवर मिटून घेतात. त्यांचे उड्डाण टिपण्याचा प्रयत्न फार लवकर झाला: 1904 मध्ये पॅरिसच्या मारे संस्थेत लुसियाँ ब्यूल याने विजेच्या ठिणग्यांच्या उजेडात, सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे घेण्याच्या गतीने त्यांच्या पंखांची हालचाल नोंदवली. तो प्रयोगशाळेचा पराक्रम होता. रानात फिरणाऱ्या अभ्यासकाचे साधन जाळी व टाचणी हेच राहिले, आणि भारतातील चतुरांविषयीचा पायाभूत ग्रंथ, म्हणजे लष्करी डॉक्टर एफ. सी. फ्रेझर याचे 1933, 1934 व 1936 मध्ये निघालेले तीन खंड, मुख्यतः अशा संग्रहांवर उभा आहे.

पण येथेच या कीटकाने अभ्यासकांची पंचाईत केली आहे. फुलपाखराचा रंग पंखावरच्या खवल्यांत असल्याने तो पेटीत वर्षानुवर्षे टिकतो. चतुराचे अनेक रंग त्वचेखालील पेशींत असतात आणि तो मेल्यावर काळवंडतात, त्यामुळे संग्रहातला नमुना आकार सांगतो पण निळा होता की हिरवा हे सांगत नाही. जिवंत चतुराचे छायाचित्र ही म्हणून केवळ हौस राहिली नाही, नमुन्यात नसलेली माहिती देणारा तो पुरावा झाला. चतुराची एक सवय छायाचित्रकाराला उपकारक आहे: पुष्कळ जाती भरारी मारून पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतात, तेव्हा माग काढण्यापेक्षा थांबणे फायद्याचे ठरते. चित्राचे संकेतही इंजिनाच्याच धर्तीचे आहेत. एक चित्र अगदी बाजूने, वक्षावरचे पट्टे दिसतील असे. एक वरून, पंखांच्या शिरा व टोकाजवळचा ठिपका दिसेल असे. आणि शक्य झाल्यास नराच्या शेपटीच्या टोकावरील आकडीसारख्या उपांगांचे, कारण जवळच्या जाती बऱ्याचदा तेवढ्यावरूनच वेगळ्या करता येतात.

पेनिन्शुलर भारतातील चतुरांची के. ए. सुब्रमण्यन यांची क्षेत्रपुस्तिका 2005 मध्ये आली, त्याच सुमारास डिजिटल कॅमेरेही स्वस्त होत गेले, आणि शास्त्रीय शिक्षण नसलेली माणसेही गावच्या तळ्यावरची नोंद ठेवू लागली. 2019 मध्ये सिंधुदुर्गातून सेरिॲग्रिऑन क्रोमोथोरॅक्स या पिवळ्या वक्षाच्या टाचणीचे नवी जात म्हणून वर्णन झाले. तरी अशा वेळी छायाचित्र पुरेसे धरले जात नाही. वेगळे काही असल्याची शंका चित्राने येऊ शकते, पण नव्या जातीला नाव देताना सामान्यतः प्रत्यक्ष नमुना संग्रहालयात जमा करावा लागतो आणि त्यासाठी अजूनही जाळी उचलावीच लागते.