आल्बनीचे एक्केचाळीस दिवाळीइतके महापौर

आपल्याकडे महापौरपदाची मुदत अडीच वर्षांची आणि कारभाराच्या नाड्या आयुक्तांच्या हाती. त्यामुळे न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीत, आल्बनीत, एकच माणूस १९४२ पासून १९८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत सलग महापौर होता, हे वाचून मला आदरापेक्षा शंकाच अधिक वाटली. इरॅस्टस कॉर्निंग (दुसरे) यांच्याविषयी वाचत गेलो तशी ती शंका फिटली नाही. तिचे रूप मात्र बदलले.

घराणे सत्तेतलेच. पणजोबा आल्बनीचे महापौर आणि रेल्वे कंपनीचे अध्यक्ष. वडील राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर. येल विद्यापीठातून शिकून कॉर्निंग राज्याच्या विधिमंडळात गेले, आधी असेंब्लीत, मग सिनेटमध्ये. बत्तिसाव्या वर्षी महापौर झाले ते डॅन ओकॉनेल यांच्या डेमोक्रॅटिक पक्षयंत्रणेच्या बळावर. १९२१ पासून शहर तिच्या मुठीत होते. नोकरी असो वा घरपट्टीची आकारणी, वाट पक्षाच्या कार्यकर्त्याच्या दारातून जाई. मताला पाच डॉलर मोजले जातात, असा आरोपही होत राहिला.

त्यांची खरी परीक्षा १९६२ साली झाली. गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी सरकारी संकुलासाठी शहराच्या मध्यावरील सुमारे ९८ एकर वस्ती ताब्यात घेतली. हजारो माणसे विस्थापित झाली. कॉर्निंग यांनी आधी विरोध केला, शहर कोर्टातही गेले. मग त्यांनीच पैशाची वाट दाखवली: राज्याला कर्जरोख्यांसाठी मतदारांची मंजुरी लागते, तेव्हा रोखे काउंटीने काढावेत, संकुल बांधावे आणि राज्याने ते भाड्याने घेत फेडावे. मतदारांना विचारण्याचा प्रश्नच उरला नाही.

इथे मला त्यांच्या राजकारणाचे मर्म दिसते. लढाई हरल्यावर त्यांनी शहरासाठी, आणि काउंटीवर राज्य करणाऱ्या आपल्या यंत्रणेसाठीही, सौदा पदरात पाडून घेतला. पण उठलेल्या वस्तीला त्या सौद्यात जागा नव्हती. १९५० साली सुमारे १ लाख ३५ हजार असलेली लोकसंख्या १९८० पर्यंत १ लाख २ हजारांच्या आसपास आली. उपनगरांची ओढ हे त्यामागचे मोठे कारण. तरी एवढ्या दीर्घ सत्तेला ती गळती थांबवता आली नाही, हेही खरेच.

आज त्या संकुलातील ४४ मजली मनोऱ्याला कॉर्निंग यांचेच नाव आहे. ज्याला त्यांनी कोर्टात आव्हान दिले, तेच त्यांचे स्मारक झाले. लोकांनी त्यांना अकरा वेळा निवडले. पण निवडीला दुसरा पर्याय कितपत शिल्लक होता, हा प्रश्न त्या मनोऱ्याखाली तसाच उभा आहे.